जॉनचाचा चेऊलकर

१९५४ सालच्या ‘बूट पॉलिश’मध्ये तुरुंगातलं एक गाणं आहे. टक्कल पडलेले, गोटा केलेले कैदी जमलेले आणि त्यांच्यामध्ये एक ठेंगणा, गोल चेहऱ्याचा, तुळतुळीत डोक्याचा माणूस. तो ढगांना हाका मारतोय. डोक्यावरचं पीक वाळून चाललंय, आता तरी बरसा, अशी त्याची विनवणी आहे. आवाज मन्ना डे यांचा, संगीत शंकर-जयकिशन यांचं आणि चाल अडाणा रागातली, म्हणजे अस्सल बैठकीची. शास्त्रीय गाणं विनोदासाठी वापरलं की बहुतेक नट तोंड वेडंवाकडं करतात. हा माणूस तसं काही करत नाही. तो पावसाची खरोखर वाट पाहतो. बीड जिल्ह्यात, जिथे जून उलटून गेला तरी माणसं आभाळाकडे नजर लावून बसलेली असतात, तिथे हे गाणं पाहताना आधी हसू येतं आणि मग त्या चेहऱ्यावरची आर्जवं ओळखीची वाटू लागतात.

पडद्यावर या माणसाचं नाव नुसतं ‘डेव्हिड’ असं यायचं. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चार दशकांत शंभराहून अधिक चित्रपट, फिल्मफेअर पुरस्कार, १९६९ साली पद्मश्री. तरीही हा माणूस ठाण्याचा, घरात मराठी बोलणारा होता, हे आपल्याकडे फारच थोड्यांना माहीत असतं. अनेकांना ते ख्रिस्ती वाटतात, काहींना पारशी. त्यांच्या भूमिकाच तशा होत्या.

चेऊलकर म्हणजे चेऊलचे. रायगड जिल्ह्यातलं चौल हे जुनं बंदर, त्याचं हे बोलीतलं नाव. कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाने आडनावं घेतली ती अशीच गावांवरून. पेणचे ते पेणकर, दिव्याचे ते दिवेकर, नवगावचे ते नवगावकर. या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा अशी, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांचे वंशज कोकणातल्या खेड्यांत पसरले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. प्रार्थना हिब्रूत, पण बाकी सगळं मराठीत: भांडणं, ओव्या, अंगाई. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने केला जाणारा मलिदा पोहे, गूळ आणि खोबऱ्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर या समाजात मराठी कीर्तनंही उभी राहिली. बायबलमधल्या कथा, पण मांडणी आपल्या हरिदासी परंपरेतली. ठाण्यात १८७९ साली सिनेगॉग बांधलं गेलं, तेही याच समाजाचं.

अशा घरात १९०८-०९च्या सुमारास डेव्हिड जन्मले. मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी घेतली आणि पुढे नोकरीच मिळेना. एकोणीसशे तीसचं दशक जागतिक मंदीचं. शिकलेल्या मुलांचे अर्ज कचेऱ्यांच्या दारातून परत येत होते. काही वर्षं अशीच गेली. मग नायमपल्ली या चरित्र अभिनेत्याच्या ओळखीने त्यांना चित्रपटात काम मिळालं. मोहन भवनानी दिग्दर्शित ‘झांबो’, साल १९३७. भूमिका एका वृद्ध प्राध्यापकाची. म्हणजे तिशीच्या आतल्या मुलाने पहिल्याच चित्रपटात पांढरे केस लावून साठीतला माणूस उभा केला. पुढे त्यांनी कायद्याची पदवीही घेतली, पण वकिली केली नाही.

चरित्र अभिनेता म्हणून जगायचं तर वय लवकर वाढवून घ्यावं लागतं, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार. नायकाची सगळी धडपड वय लपवण्याची असते. याचा हिशेब उलटा. एकदा तुम्ही पन्नाशीचे दिसायला लागलात की पुढची तीस वर्षं पन्नाशीचेच राहू शकता, आणि तेवढी वर्षं तुम्हाला काम मिळतं. १९५४च्या ‘बूट पॉलिश’मधले डेव्हिड आणि १९७९च्या ‘गोलमाल’मधले डेव्हिड लागोपाठ पाहिले तर मध्ये पंचवीस वर्षं गेली आहेत यावर विश्वास बसत नाही.

त्या काळच्या मुंबईच्या चित्रसृष्टीत ज्यू माणूस हा काही नवलाचा विषय नव्हता. पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली आला तो जोसेफ डेव्हिड पेणकर यांच्या नाटकावरून, आणि हे पेणकर बेने इस्रायलीच. मूकपटांच्या काळात सर्वांत गाजलेली नायिका सुलोचना म्हणजे रूबी मायर्स. १९४७ साली मिस इंडिया झालेल्या प्रमिला म्हणजे एस्थर अब्राहम. नादिरा म्हणजे फ्लॉरेन्स इझिकेल. या तिघी बगदादी ज्यू घराण्यांतल्या. प्रतिष्ठित हिंदू-मुस्लीम घरांतल्या मुली कॅमेऱ्यासमोर उभ्या राहायला तयार नव्हत्या, तेव्हा या समाजाने पुढे येऊन हिंदी चित्रपटाला चेहरे दिले. त्या ऋणाची आपल्याकडे हवी तशी नोंद झालेली नाही, असं मला मनापासून वाटतं.

इथे थोडं अमेरिकेत जाऊन यायला हवं, कारण डेव्हिड यांचं वेगळेपण तिथल्या एका समकालीन नटाशेजारी ठेवल्यावर नीट दिसतं.

सिग रुमन, जन्म १८८४, हॅम्बर्ग. शिक्षण विद्युत अभियांत्रिकीचं. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात. १९२४ साली अमेरिकेत गेले, न्यूयॉर्कमध्ये जर्मन भाषेतल्या रंगभूमीवर कामं केली, तिथून ब्रॉडवे आणि मग हॉलिवूड. धिप्पाड अंगलट, दाढी, आणि तोंड उघडलं की लपवता न येणारा जर्मन हेल. मार्क्स बंधूंच्या ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’मध्ये (१९३५) ते ऑपेरा कंपनीचे बडे व्यवस्थापक आहेत. ग्राउचो मार्क्स त्यांची यथेच्छ फजिती करतो आणि ते प्रत्येक वेळी खऱ्या संतापाने लाल होतात. विनोद उभा राहतो तो त्यांच्या या संतापावर, कारण समोरचा माणूस खरोखर दुखावला नाही तर थट्टेला धार येत नाही. ‘निनोच्का’मध्ये (१९३९) ते सोव्हिएत अधिकारी झाले. हेल जर्मन असला तरी चालला, प्रेक्षकाला तो परका वाटला की पुरे. एर्न्स्ट लुबिच यांच्या ‘टू बी ऑर नॉट टू बी’मध्ये (१९४२) ते वॉर्साचे नाझी कर्नल एऱ्हार्ट. लोक आपल्या छळछावणीवरून आपल्याला टोपणनाव देतात हे ऐकून आनंदाने फुलून जाणारा, आणि वरिष्ठांचं नाव निघताच पाय लटपटणारा. महायुद्ध चालू असताना नाझींना हास्यास्पद ठरवणं अवघड आणि जोखमीचं होतं. रुमन यांनी त्या कर्नलला मूर्ख केलं, पण निरुपद्रवी होऊ दिलं नाही. मला तो त्या काळातल्या अभिनयाचा फार वरचा नमुना वाटतो.

आपल्या आडनावाच्या स्पेलिंगमधला एक ‘एन’ त्यांनी काढून टाकला, नाव कमी जर्मन दिसावं म्हणून. हेल मात्र काढता आला नाही, आणि तो काढला असता तर काम गेलं असतं. १९५३च्या ‘स्टालाग १७’मध्ये ते युद्धकैद्यांच्या छावणीतले जर्मन सार्जंट. १९६६च्या ‘द फॉर्च्यून कुकी’मध्ये, म्हणजे जवळजवळ शेवटच्या कामात, युरोपातून आलेले प्राध्यापक. चाळीस वर्षं अमेरिकेत काढली, पण पडद्यावर ते कधी ओहायोचे शेतकरी किंवा शिकागोचे दुकानदार झाले नाहीत.

हॉलिवूडमध्ये असे कितीतरी होते. कॉनराड फाइट यांनी १९२१च्या जर्मन मूकपटात एका भारतीय महाराजाची भूमिका केली होती. पत्नी ज्यू होती आणि त्यांचा स्वतःचा नाझींना विरोध होता, म्हणून १९३३ साली त्यांनी जर्मनी सोडली. अमेरिकेत त्यांच्या वाट्याला आला तो ‘कासाब्लांका’तला (१९४२) नाझी मेजर स्ट्रासर. ज्यांच्यापासून पळून आलो त्यांचाच गणवेश अंगावर चढवायचा आणि तो चोख वठवायचा. पोटासाठी माणसाला काय काय करावं लागतं याचं मला याहून विदारक उदाहरण आठवत नाही. फाइट मात्र हे काम निष्ठेने करत राहिले. खलनायक जितका पटेल तितकं लोकांना नाझींचं खरं रूप कळेल, हे त्यांना ठाऊक होतं.

हॉलिवूडची व्यवस्थाच अशी होती. स्टुडिओ नटांना पगारावर ठेवत. ठरावीक माणसांचे ठरावीक साचे असत: बँकेतला कारकून, गावचा शेरीफ, खडूस सासू, जर्मन प्राध्यापक. पटकथेत जागा आली की यादीतलं नाव उचलायचं. प्रेक्षकालाही ओळख पटायला वेळ लागत नसे, त्यामुळे दोन मिनिटांच्या प्रसंगात माणूस उभा राहायचा. या साच्याने नटांना पोसलं आणि अडकवलंही.

मुंबईतही स्टुडिओ होते, पगारी नट होते, इतकंच काय जर्मन माणसंही होती. हिमांशू राय यांच्या मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये फ्रान्झ ऑस्टेन दिग्दर्शन करायचे आणि योझेफ विर्शिंग कॅमेरा सांभाळायचे. १९३६चा ‘अछूत कन्या’ ऑस्टेन यांचाच. १९३९ साली युद्ध सुरू झालं आणि इंग्रज सरकारने या जर्मनांना स्थानबद्ध केलं. त्यानंतर दोन वर्षांनी याच कंपनीतून ‘नया संसार’ निघाला. कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची, आणि नटांमध्ये डेव्हिड. अब्बास यांच्याशी जुळलेलं हे नातं पुढे कैक वर्षं टिकलं. बंगालच्या दुष्काळावरचा ‘धरती के लाल’ (१९४६), ‘मुन्ना’ (१९५४), ‘परदेसी’ (१९५७), ‘चार दिल चार राहें’ (१९५९), आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालेला ‘शहर और सपना’ (१९६३), सगळ्यांत डेव्हिड आहेत.

साच्याच्या बाबतीत मात्र मुंबईत वेगळं घडलं. डेव्हिड यांनी केलेल्या भूमिकांची नावंच पाहा. ‘बूट पॉलिश’मध्ये जॉनचाचा, ‘अनुपमा’मध्ये (१९६६) मोझेस, ‘सत्यकाम’मध्ये (१९६९) रुस्तम, ‘अभिमान’मध्ये (१९७३) ब्रजेश्वरलाल, ‘चुपके चुपके’मध्ये (१९७५) हरिपदभैया, ‘बातों बातों में’मध्ये (१९७९) अंकल टॉम. ख्रिस्ती, पारशी, उत्तरेकडचे रायसाहेब. एवढ्याशा समाजातला हा माणूस पडद्यावर हव्या त्या घरात जाऊन बसला आणि त्या घराचा झाला.

याचं कारण माझ्या मते हिंदी चित्रपटाच्या भाषेत आहे. इथली हिंदी कोणाचीच घरची नव्हती. लिहिणारे लखनौचे किंवा पंजाबचे, दिग्दर्शक बंगाली, संगीतकार हैदराबादचे किंवा गुजरातचे, आणि नट मराठी, पारशी, ज्यू, अँग्लो-इंडियन. जो तो ही भाषा शिकून आलेला. त्यामुळे परकेपणा कोणा एकाच्या माथी मारणं अवघड होतं. इंग्रजी हॉलिवूडमध्ये एक प्रमाण उच्चार होता आणि त्यापासून जो ढळला त्याला ‘तिकडचा’ म्हणून वेगळं काढता येत होतं. मुंबईत ती रेघ इतकी स्पष्ट नव्हती.

आपल्याकडे निजामाच्या राज्यात वाढलेल्या माणसाला हे समजायला सोपं जातं. बीड, परळी, अंबाजोगाई हा सगळा टापू १९४८च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभार उर्दूत, उस्मानिया विद्यापीठाचं शिक्षण उर्दूत, बाजारातली बोली दखनी आणि घरात मराठी. जुन्या पिढीतला साधा शेतकरीही हिंदी बोलपट अडखळत पाहत नव्हता. जत्रेत टूरिंग टॉकीजचा तंबू लागला की त्यात बसलेल्यांना पडद्यावरची हिंदुस्तानी परकी वाटत नसे, आणि नट कोणत्या जातीधर्माचा याची चौकशी कोणी करत नसे. जॉनचाचा आवडला की आवडला.

उलट मराठी रंगभूमी आणि चित्रपटाने आपल्या बोलींशी बराच काळ हॉलिवूडसारखाच व्यवहार केला. पुण्या-मुंबईची भाषा प्रमाण. ‘कामून’, ‘काय करायलास’, ‘जेवायलाव’ म्हणणारा माणूस नोकर, हवालदार किंवा नुकता गावाकडून आलेला भाबडा. मराठवाड्यातून नट व्हायला गेलेल्या मुलांना ‘आधी भाषा स्वच्छ करा’ हे ऐकावं लागायचं. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात मराठवाड्याचं अख्खं गाव रंगमंचावर एकट्याने आणलं, पन्नासहून अधिक पात्रं, आणि सगळा महाराष्ट्र ती बोली ऐकायला तिकिटं काढू लागला. मग मकरंद अनासपुरे आले. ‘कायद्याचं बोला’ (२००५), ‘गल्लीत गोंधळ, दिल्लीत मुजरा’ (२००९) यांसारख्या चित्रपटांत त्यांनी मराठवाडी बोलीतच नायक उभा केला. देशपांडे यांच्यानंतर ‘वऱ्हाड’चे प्रयोग करणारे संदीप पाठक हे तर बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे. ज्या हेलासाठी आधीच्यांना दारातून परत पाठवलं जायचं, त्याच हेलाने यांना घराघरांत नेलं. रुमन यांच्यासारखा हेलाचा पिंजरा यांच्याही भोवती आहेच, प्रेक्षक पुन्हा पुन्हा तीच बोली मागतो. पण त्या पिंजऱ्यात ते मध्यभागी उभे आहेत, हा फरक मोठा आहे.

आता पुन्हा जॉनचाचाकडे. ‘बूट पॉलिश’ आर. के. फिल्म्सचा, दिग्दर्शक प्रकाश अरोरा. आई नसलेली भोला आणि बेलू ही भावंडं कमला नावाच्या चाचीच्या तावडीत सापडली आहेत. ती त्यांना भीक मागायला लावते, मारते, पैसे हिसकावून घेते. शेजारी राहतो जॉनचाचा. त्याचा धंदा चोरून दारू विकण्याचा. मुंबई राज्यात तेव्हा नुकतीच संपूर्ण दारूबंदी लागू झालेली होती, त्यामुळे झोपडपट्टीतला दारूविक्या हे पात्र त्या वेळच्या प्रेक्षकाच्या अगदी ओळखीचं. हा माणूस मुलांना सांगतो, हात पसरायचे नाहीत, हाताने काम करायचं. मुलं पैसा पैसा साठवून पॉलिशची डबी आणि ब्रश घेतात.

पटकथेत हे पात्र फार सहज बिघडलं असतं. स्वतः कायदा मोडणारा माणूस मुलांना प्रामाणिकपणा शिकवतोय म्हटल्यावर नट एक तर संत होतो, नाहीतर रडका. डेव्हिड यांचा चाचा दोन्ही नाही. तो खेळकर आहे, थोडा मिस्कील आहे, आणि आपल्या धंद्याची त्याला लाज वाटते हे तो फक्त डोळ्यांतून कळू देतो. मुलांशी बोलताना तो खाली बसतो. ठेंगण्या बांध्यामुळे तो बसला की मुलांच्या उंचीवर येतो आणि कॅमेऱ्यात तीन चेहरे एका रेषेत दिसतात. मुठी आवळलेल्या मुलांना तो त्या मुठीत काय आहे असं विचारतो, ते गाणं मुलांच्या घोळक्यात घडतं. इथे त्याचा चेहरा पाहावा. उत्तर ऐकायला तो थांबतो. मोठ्या माणसांनी मुलांना विचारलेल्या प्रश्नांत बहुधा उत्तराची अपेक्षा नसते. इथे आहे. नंतर पोलीस त्याला पकडून नेतात आणि मुलं उघड्यावर पडतात. चित्रपटाचा सगळा उत्तरार्ध त्या एका माणसाच्या नसण्यावर चालतो.

बेबी नाझ या बालनटीला १९५५ साली कान महोत्सवात विशेष उल्लेख मिळाला. त्याच वर्षी फिल्मफेअरने पुरस्कारांची यादी वाढवली. पहिल्या वर्षी मोजकेच पुरस्कार होते, सहायक भूमिकांसाठी एकही नव्हता. अमेरिकेत ऑस्करने सहायक अभिनेत्याचा पुरस्कार १९३६च्या चित्रपटांपासून सुरू केला, तो पहिल्यांदा वॉल्टर ब्रेनन यांना मिळाला. आपल्याकडे तो मान पहिल्यांदा मिळाला डेव्हिड यांना, ‘बूट पॉलिश’साठी. आणि सहायक अभिनेत्रीचा पहिला पुरस्कार गेला ‘बादबान’मधल्या उषा किरण यांना. म्हणजे हिंदी चित्रपटातल्या दुय्यम भूमिकांचा गौरव ज्या दिवशी सुरू झाला, त्या दिवशी पुरस्काराच्या दोन्ही बाहुल्या मराठी घरांत आल्या. पुढे नाना पळशीकर यांनी तो दोनदा मिळवला, ‘कानून’ आणि ‘शहर और सपना’साठी. नायकपदावर मराठी माणूस क्वचित दिसला, पण नायकाच्या मागे उभं राहून चित्रपट तोलून धरणाऱ्यांत तो सतत होता. ललिता पवार, लीला चिटणीस, दुर्गा खोटे, सुलोचनादीदी, यादी लांबत जाते.

डेव्हिड यांचं दुसरं रूप रंगमंचावरचं. फिल्मफेअर पुरस्कारांच्या सुरुवातीच्या सोहळ्यांचं सूत्रसंचालन ते करायचे. वक्तशीर, हजरजबाबी, इंग्रजीवर पकड. इतरांची नावं पुकारण्याचं काम ते आनंदाने करत, आणि लोक त्यांना ऐकायला येत.

उत्तरार्धात त्यांना खरं ओळखलं ते हृषीकेश मुखर्जी यांनी. हृषीदांच्या चित्रपटात एक घर असतं, त्या घरात एक थट्टा शिजते, आणि थट्टा शिजवायला एक विश्वासू वडीलधारा लागतो. तो डेव्हिड. ‘चुपके चुपके’त शुद्ध हिंदीचा आग्रह धरणाऱ्या जिजाजींना नीट हिंदी बोलणारा ड्रायव्हर हवा असतो, आणि तो पाठवायचा असतो हरिपदभैयांनी. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक ड्रायव्हर होऊन त्या घरात शिरतो तो या माणसाच्या भरवशावर. ‘गोलमाल’मध्ये बेकार रामप्रसादला नोकरीची बातमी आणून देतात ते केदारमामा, व्यवसायाने डॉक्टर. मालक भवानीशंकर त्यांचे मित्र. तरुणांनी खेळात रस घेऊ नये, कपडे देशी असावेत, मिशी असावी, ही मालकाची सगळी खुळं मामा एका बैठकीत सांगून टाकतात, आणि तिथून पुढची सगळी गंमत सुरू होते.

त्या बैठकीकडे एकदा लक्ष देऊन पाहा. पटकथेच्या दृष्टीने ती नुसती माहिती आहे. प्रेक्षकाला पुढच्या दोन तासांसाठी लागणारे सगळे नियम तिथे सांगायचे आहेत. अशी माहिती सांगताना नट रटाळ होतात किंवा घाई करतात. डेव्हिड ती मित्राच्या खोडीसारखी सांगतात. भवानीशंकरची चेष्टाही आहे आणि त्याच्याबद्दलचं प्रेमही, त्यामुळे उत्पल दत्त पडद्यावर येण्याआधीच आपल्याला ते पात्र आवडून गेलेलं असतं. समोर बसलेले अमोल पालेकर मराठी, सांगणारे डेव्हिड मराठी, ज्याच्याबद्दल चाललंय ते उत्पल दत्त बंगाली, दिग्दर्शक बंगाली आणि भाषा हिंदी. सगळे जण उसन्या भाषेत इतके घरच्यासारखे बोलतात की कोणाला काही जाणवत नाही.

‘गोलमाल’ आणि बासू चटर्जींचा ‘बातों बातों में’ दोन्ही १९७९चे. पुढच्या वर्षीच्या ‘खूबसूरत’मध्ये ते रेखाचे वडील झाले, दोन मुलींना एकट्याने वाढवलेले, मुलीच्या खोड्यांत सामील असलेले. बेने इस्रायली समाजातले कितीतरी लोक १९४८ नंतर इस्रायलला गेले होते. ठाणे, पनवेल, अलिबागची घरं रिकामी होत गेली. डेव्हिड यांनी मात्र आयुष्याच्या अखेरीस कॅनडाची वाट धरली. आपल्या माणसांजवळ राहायला ते टोरांटोला गेले आणि तिथेच १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं निधन झालं.

ज्यांनी त्यांना कधी लक्ष देऊन पाहिलं नाही त्यांनी ‘खूबसूरत’पासून उलट चालत जावं: ‘गोलमाल’, ‘चुपके चुपके’, ‘सत्यकाम’, ‘अनुपमा’, ‘शहर और सपना’ आणि मग ‘बूट पॉलिश’. चित्रपट रंगीतचे कृष्णधवल होत जातील, नायक बदलत जातील, धर्मेंद्र तर तीनदा भेटेल. प्रत्येक वेळी डेव्हिड पडद्यावर आले की नायकाकडे पाहणं थोडा वेळ सोडून द्यावं आणि दुसरा बोलत असताना ते काय करतात तेवढंच पाहावं. ते ऐकत असतात.